घरातले जुने पिस्तूल

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही ‘जुनी पोलादी पिस्तुले’ असे उत्तर दिले, तेव्हा क्षणभर कोणी काही बोलले नाही. वैशाखातल्या संध्याकाळी मंडळी सतरंजीवर येऊन बसतात ती संतवाङ्मय ऐकायला, इतिहास ऐकायला, फार तर शेतीतले नवे प्रयोग ऐकायला. तेथे पिस्तूल कशाला? शंका रास्त आहे. आमची सारी नोकरी शस्त्रागारात, बिघडलेली हत्यारे दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून जी माणसे आमच्याकडे सल्ल्याला येतात, त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : “वडील गेले. त्यांच्या ट्रंकेत पिस्तूल निघाले. आता काय करायचे?” आमचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर. पण उत्तर कळायचे तर आधी ते यंत्र कळले पाहिजे. आणि खरे सांगायचे तर त्या यंत्राविषयी बोलायला आम्हांला आवडते, हेही कारण आहेच.

हा प्रश्न याच दोन गावांत पुन्हा पुन्हा का निघावा? शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघालेली पलटण येथूनच निघाली, आणि त्याच वर्षी उभारलेल्या पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणेही पुढे अनेक वर्षे येथे होते. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. मनमाडचा मार्ग १८७८ साली सुरू झाला तेव्हापासूनचे. शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ दौंडला, आणि पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र जवळच नानवीजला. घरटी नाही तरी गल्लीगणिक एखादा फौजी किंवा पोलीस निघेलच. सरकारी हत्यार निवृत्तीच्या दिवशी कोठारात जमा होते, ते घरी येत नाही. पण ज्याचा हात एकदा त्यावर बसला त्याला पुढे स्वतःचे असावेसे वाटते. अशांपैकी काहींनी रीतसर परवाना काढून, गोरे साहेब परत जात असताना किंवा नंतर मुंबई-पुण्याच्या दुकानातून, एखादे विलायती पिस्तूल घेतले. तीच ही ट्रंकेतली पिस्तुले.

आता यंत्राकडे वळू. घोडनदीच्या माणसाला घोडा काय सांगावा, असे कोणी म्हणेल. तरी एक घोटाळा आधी दूर करतो. मागे असतो आणि टोला मारतो तो घोडा. बोटाने ओढतो तो चाप. दोन्हींना एकच नाव देण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि पुढे ज्या अपघाताविषयी सांगणार आहोत त्यात तिचाही वाटा आहे.

गोळी पुढे सुटते तेव्हा तेवढाच जोर मागेही येतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तो जोर नुसता हाताला बसतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलात त्याला कामाला लावलेले असते. नळीवरचे पोलादी झाकण, म्हणजे स्लाइड, त्या जोराने मागे जाते. जाताना रिकामे काडतूस ओढून बाहेर फेकते, घोडा मागे चढवते आणि एक स्प्रिंग दाबते. मग ती स्प्रिंग स्लाइडला पुढे लोटते, आणि पुढे येताना स्लाइड मुठीतल्या मॅगझीनमधले वरचे काडतूस ढकलून नळीच्या मागच्या कोठीत बसवते. दौंडच्या रेल्वेवाल्यांना हे सांगावे लागत नाही. डबे एकमेकांवर आपटले की बफरमधली स्प्रिंग धक्का पोटात घेते आणि डबा परत लोटते, तसेच हे. फक्त डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते. दर गोळीला चाप नव्याने ओढावा लागतो म्हणून ‘अर्ध’स्वयंचलित. धरून ठेवला की धडाधड सुटत राहते ती मशीनगन, ती गोष्ट वेगळी.

येथे दोन जाती होतात. ०.३२ बोअरचे, म्हणजेच ७.६५ मिलिमीटरचे काडतूस बेताच्या जोराचे. त्याला स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढेच पुरते. कडी नसलेले पण जड दार जसे वाऱ्याने चटकन उघडत नाही, तसे. ९ मिलिमीटरचे किंवा ०.४५ चे काडतूस मात्र असे दार भिंतीवर आपटील. म्हणून तेथे कडी लागते. नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत थोडे अंतर बरोबर मागे जातात. तोवर गोळी नळीबाहेर पडून दाब उतरलेला असतो. मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, कडी सुटते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. पहिल्यांदा हे उकलून पाहिले तेव्हा आम्ही पुन्हा पुन्हा स्लाइड मागेपुढे करून पाहत होतो आणि उस्ताद मागून ओरडत होते.

या दोन्ही जातींची उत्तम पिस्तुले जवळजवळ एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली. जॉन ब्राउनिंग, जन्म १८५५, अमेरिकेतील यूटा प्रांतातल्या एका बंदूक-कारागिराचा मुलगा. बेल्जियमच्या एफ. एन. कारखान्याने केलेले १९०० सालचे ०.३२ बोअरचे पिस्तूल त्याचे. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीने केलेले १९०३ चे खिशात मावणारे त्याचे. अमेरिकन लष्कराने १९११ साली स्वीकारलेले ०.४५ बोअरचेही त्याचेच. तो १९२६ साली बेल्जियममध्ये, त्याच कारखान्यात काम करीत असता वारला. अर्धवट राहिलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल दिउदोने सेव्ह याने पुरे केले आणि ते १९३५ साली बाजारात आले. तेच हाय-पॉवर. मॅगझीनमध्ये १३ काडतुसे, तरी मुठीत बसणारे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या टोरोंटोला ते हजारोंनी तयार झाले, आणि पुढे आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ‘९ मि.मी. १ए’ या नावाने. आपल्या सैन्यातल्या कितीतरी पिढ्यांच्या कमरेला तेच होते. ते सामान्य नागरिकाला मात्र ठेवता येत नाही, कारण ९ मिलिमीटर हा निषिद्ध बोअर आहे. म्हणून आपल्या ट्रंकांतून निघतात ती बहुधा ०.३२ ची : कोल्ट, वेब्ली अँड स्कॉट, ब्राउनिंगचे १९१० चे, क्वचित जर्मन वॉल्थर.

ही सारी पिस्तुले पोलादाची. पोलादाचा ठोकळा घ्यायचा आणि जे पिस्तूल नाही ते कापून काढायचे, अशी त्यांची रीत. शेवटचा हात कानशीचा; एका पिस्तुलाची स्लाइड दुसऱ्याच्या सांगाड्यावर घातली तर बसते, पण तशी मऊ चालत नाही. वर जो निळसर काळा रंग दिसतो तो रंग नव्हेच. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला तो बारीक थर असतो, एक प्रकारचा शिस्तीत ठेवलेला गंज म्हणा. चांगल्या थराला उजेडात धरले तर जांभळाच्या सालीसारखी झाक दिसते. रिकाम्या हाय-पॉवरचे वजन सुमारे ९०० ग्रॅम. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल आणले, ते सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. नव्याला आम्ही नावे ठेवणार नाही. ते गंजत नाही, चिखलात चालते, घडवायला स्वस्त पडते. पहाऱ्यावर बारा तास उभ्या राहणाऱ्या शिपायाला हलके हत्यार मिळाले तर त्यात वाईट काय? परंतु जुन्याच्या वजनाने धक्का अंगावर येत नाही, आणि त्याची मूठ धरली की कोणीतरी कारागिराने ही हातासाठी केली आहे हे कळते. बेल्जियमच्या कारखान्याने हाय-पॉवर करणे थांबवले होते, ते २०२२ साली पुन्हा नव्या रूपात सुरू केले. यावरून हा म्हाताऱ्यांचाच हट्ट नाही असे दिसते.

आपल्या मराठी माणसाला या पिस्तुलांची ओळख कारखान्याच्या यादीतून झालेली नाही. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या खोट्या तळातून २० ब्राउनिंग पिस्तुले पाठवली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. शिरूरच्या शेजारचा तालुका खेड. तेथल्या शिवराम हरी राजगुरूंनी १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर पहिली गोळी झाडली, त्यांच्यामागून भगतसिंगांनी. भगतसिंगांचे ते पिस्तूल म्हणजे ०.३२ बोअरचे कोल्ट. त्याची पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ते फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण शाळेत गेले, तेथून १९६९ साली इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत आले, आणि इतर जुन्या हत्यारांत मिसळून गेले. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता. कोणीतरी चौकशी केल्यावर, २०१६ च्या सुमारास, रंग खरवडला आणि खालून क्रमांक निघाला : १६८८९६. खटल्याच्या कागदांतला क्रमांक हाच. त्या सहा आकड्यांवर फासलेला रंग कोणी खरवडला नसता, तर ते पिस्तूल आजही इतरांतले एक म्हणून पडून राहिले असते. दिल्लीत ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर ज्यातून गोळ्या सुटल्या ते इटालियन बेरेटाही याच पिढीचे, पोलादाचेच. पुणे जिल्ह्यात या विषयावर बोलणाऱ्याने पहिले पिस्तूल सांगून हे गाळू नये.

आता त्या ट्रंकेकडे येऊ. काही वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातल्या एका गावचे दोघे भाऊ आमच्याकडे आले. वडील फौजेतून निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे शेती करीत होते. ते जाऊन तीन वर्षे झाली होती. ट्रंकेत चामड्याच्या म्यानात कोल्टचे १९०३ चे पिस्तूल, म्हणजे भगतसिंगांच्या पिस्तुलाचे भावंडच, आणि शेजारी मुदत संपलेला परवाना. थोरला म्हणाला, “काका, रात्री विहिरीत टाकून देतो, कटकट नको.” धाकट्याला ते मोडवत नव्हते. दोघांचे एका बाबतीत एकमत होते : पिस्तूल रिकामे आहे. मॅगझीन वेगळे काढून ठेवलेले होते ना!

आम्ही त्यांना पिस्तुलाला हात न लावता आधी ठाण्यात जाऊन सांगा म्हणालो, आणि त्यांच्याबरोबर गेलो. पंचनाम्याच्या वेळी हवालदारांनी पिस्तुलाचे तोंड वाळूच्या बादलीकडे केले आणि स्लाइड मागे ओढली. कोठीतून एक पिवळे काडतूस उडून टेबलावर गडगडत गेले. म्हणजे वर्षानुवर्षे त्या ट्रंकेत भरलेले पिस्तूल होते. नातवंडे त्या ट्रंकेवर बसून खेळत असत, हे धाकट्याने आम्हांला परत येताना सांगितले. ठाण्यात सांगायचा त्याला धीर झाला नाही.

हे कसे घडते ते मघाच्या वर्णनावरून उलगडेल. मॅगझीन हे कोठार. पण एक काडतूस कोठारातून आधीच कोठीत जाऊन बसलेले असू शकते, आणि मॅगझीन काढल्याने ते बाहेर येत नाही. हाय-पॉवरमध्ये, ब्राउनिंगच्या १९१० मध्ये मॅगझीन नसताना चाप चालू नये अशी योजना आहे. कोल्टच्या १९०३ मध्ये ती १९२६ नंतर आली, त्याआधीच्या पिस्तुलांत नाही. शिवाय या कोल्टचा घोडा स्लाइडच्या आत लपलेला असतो. खिशात अडकू नये म्हणून तो तसा केला. त्यामुळे चढलेला आहे की उतरलेला, हे बाहेरून दिसतच नाही. जुन्या पुष्कळ पिस्तुलांत टाचणी अडवून धरणारी कळही नसते. भरलेले पिस्तूल फरशीवर आपटले तर सुटू शकते. म्हणून ज्याला परवाना आहे त्याने सुद्धा क्रम पाळायचा तो असा : तोंड निर्धोक दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून कोठीत डोळ्यांनी पाहायचे आणि अंधार असेल तर बोटाने चाचपायचे. क्रम उलटा केला तर एक काडतूस बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना दुसरे आत जाते, आणि माणूस समाधानाने म्हणतो, रिकामे केले! आमच्या नोकरीत आम्ही ऐकलेल्या बहुतेक अपघातांच्या आरंभी हेच वाक्य होते.

कायद्याविषयी थोडक्यात. ‘जुने आहे, गंजले आहे, त्याला कसला परवाना?’ हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पुराणवस्तू म्हणून सूट दिली आहे ती, दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालणार नाही अशाच हत्याराला. ट्रंकेतले कोल्ट एक स्प्रिंग बदलली की चालते. परवानेदार गेला की घरच्यांनी विनाविलंब हत्यार जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचे. वारसाला त्याच हत्याराचा परवाना मागता येतो. २०१६ च्या नियमांनी याहून चांगली सोय केली आहे : परवानेदाराचे वय ७० झाले, किंवा त्याने ते हत्यार २५ वर्षे बाळगले, की हयातीतच आपल्या वारसाच्या नावे परवाना व्हावा असे त्याला मागता येते. आमच्या श्रोत्यांत पिकल्या केसांची जी फौजी मंडळी बसलेली असतात त्यांच्यासाठी आम्ही हे दोनदा सांगतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, वारस २१ वर्षांचा हवा, हत्यार हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला हवा, चारित्र्याची पोलीस चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. त्याच दुरुस्तीने वरातीत बार काढणे हा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाचा, प्रसंगी दोन्हींचा, गुन्हा झाला. आमच्या भागातल्या नवरदेवांच्या मित्रांनी हे टिपून ठेवावे.

सांभाळ हा खरा आमचा विषय. चामड्याचे म्यान दिसायला देखणे, पण पिस्तूल त्यात ठेवू नये. चामडे पावसाळ्यात ओल धरते, ते कमावताना वापरलेली द्रव्येही त्यात असतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत पोलादावर म्यानाच्या शिवणीचा ठसा गंजाने उमटतो. भीमेकाठच्या दमट घरांत तर विशेष. सुती फडक्याने पुसून, अगदी पातळ तेलाचा हात देऊन, कोरड्या कपड्यात, कुलपाच्या कपाटात ठेवावे; काडतुसे दुसऱ्या कुलपात. तेल ओतू नये. जास्तीचे तेल धूळ ओढते आणि चिकट होऊन टाचणी अडवते. फौजेतले लोक पुलथ्रूला चिंदी लावून नळी ओढतात तसे, वापर नसला तरी, पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा करावे. फार जुनी काडतुसे उडवली असतील तर नळीत क्षार राहतात, ते तेलाने जात नाहीत. आधी गरम पाण्याने धुवावे, मग वाळवून तेल. काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ अशी अक्षरे दिसली तर ते आपल्या खडकीच्या कारखान्यातले समजावे. १८६९ पासून तो चालू आहे.

आणि झिलई देऊ नये. घरात हत्यार आले की उत्साही चिरंजीव त्याला पॉलिश पेपर लावतात, किंवा बाजारात नेऊन निकेल चढवून आणतात. मूळचा थर घासला की तो गेला; क्रमांक बोथट झाला तर कायद्याचीही पंचाईत. स्लाइड, नळी, सांगाडा ही जोडी जन्मापासूनची असेल तर जपावी, मॅगझीन हरवू नये. त्याच्या ओठांना जराशी पोच आली तरी काडतूस अडते आणि मूळचे मॅगझीन आता मिळत नाही. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करताना तेलाचा हात देऊन द्यावे आणि पावतीवर क्रमांक व मॅगझीनची संख्या लिहून घ्यावी. विलायती मालाची आयात सामान्य माणसाला बंद झाल्यापासून जुन्या पिस्तुलांच्या किमती फुगल्या आहेत. त्या ऐकून कोणी गुंतवणूक म्हणून त्यांच्या मागे लागू नये. जमीन घ्या, ती निदान तेल मागत नाही.

अलीकडे पोरांच्या फोनवर पिस्तुलासह काढलेली छायाचित्रे दिसतात. ती पिस्तुले मध्य प्रदेशच्या सीमेवरून येणारी गावठी. बाहेरून आकार ब्राउनिंगचाच. आत पोलाद कसले ते देव जाणे. आमच्या हातून अशी काही गेली. नळी सरळ नाही, कोठी काडतुसापेक्षा सैल, स्लाइडवर भलत्याच देशाचे नाव भलत्याच स्पेलिंगने. खरा क्रमांक कोठेच नाही. समोरच्याइतकीच ती चालवणाऱ्यालाही घातक असतात. ज्याच्या आजोबांनी दर वेळी परवान्याचे नूतनीकरण करून, मुदतीत दाखवून, एक पिस्तूल जन्मभर सांभाळले, त्याच्या नातवाने असले लोखंड कमरेला लावून फोटो काढावा, हे पाहून आम्हांला वाईट वाटते. बिबट्याच्या भीतीने पिस्तूल हवे म्हणणारे शेतकरीही येतात. त्यांची भीती खरी आहे, उसाच्या फडाशी राहणाऱ्याला ती आम्ही शिकवू नये, परंतु ०.३२ चे पिस्तूल त्या कामाचे नव्हे, एवढे त्यांना स्पष्ट सांगतो.

त्या दोघा भावांचे पुढे काय झाले, असे व्याख्यानानंतर हमखास विचारतात. तीन वर्षांच्या दिरंगाईबद्दल त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले, चार हेलपाटे पडले. थोरल्याने लेखी ना-हरकत दिली, धाकट्याने शिक्षण घेऊन अर्ज केला, आणि परवाना यथावकाश झाला. पिस्तूल घरी आणले त्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो होतो. म्यानाच्या शिवणीचा गंज डाव्या बाजूला आहे, तो आम्ही तसाच राहू दिला; वाढू नये एवढे केले. कोल्ट उलगडून, पुसून, पुन्हा जोडून धाकट्याच्या हातात दिले. आजी आतून बाहेर आल्या, पिस्तुलाकडे पाहिले नाही, नवे कपाट एकदा ओढून पाहिले आणि विचारले, “किल्ली कोणाजवळ राहणार?”